झाशीच्या वस्त्यांतील बालके आणि समग्र मूलभूत शिक्षण

झाशी हे नाव मराठी वाचकाला परके नाही. नेवाळकर घराण्याची राजवट, १८५४ मध्ये इंग्रजांनी खालसा केलेले संस्थान, १८५७ चा संग्राम आणि वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी लिहून ठेवलेला त्या काळाचा वृत्तांत यांमुळे या शहराचा इतिहास महाराष्ट्रात घरोघरी पोहोचला आहे. वर्तमान झाशीविषयी मात्र फारसे लिहिले जात नाही. बुंदेलखंडातील हे सर्वांत मोठे शहर दिल्लीहून दक्षिणेकडे व मुंबईकडे जाणाऱ्या लोहमार्गांवरील महत्त्वाचे जंक्शन आहे. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या ५,०५,६९३ होती. रेल्वेची वाघीण दुरुस्ती कार्यशाळा, भारत हेवी इलेक्ट्रिकल्सचा कारखाना, बिजौलीचे औद्योगिक क्षेत्र आणि आसपासच्या जिल्ह्यांचा व्यापार यांवर त्याचे अर्थकारण उभे आहे. याच शहराच्या गरीब वस्त्यांत वाढणाऱ्या बालकांना पूर्ण अर्थाने मूलभूत शिक्षण कसे मिळेल, हा प्रश्न देशातील अनेक मध्यम आकाराच्या शहरांचा प्रातिनिधिक प्रश्न आहे.

महानगरांतील झोपडपट्ट्यांचा अभ्यास पुष्कळ झाला. तेथे स्वयंसेवी संस्थांचे जाळे आहे, दात्यांचे लक्ष आहे आणि वृत्तपत्रांचीही नजर आहे. ग्रामीण शिक्षणासाठी स्वतंत्र योजना व नियमित सर्वेक्षणे आहेत. या दोहोंच्या मधल्या शहरांतील गरीब बालक मात्र बहुधा कोणाच्याच हिशेबात पूर्णपणे येत नाही. २०११ च्या जनगणनेत देशातील झोपडपट्ट्यांमध्ये सुमारे साडेसहा कोटी लोक राहत असल्याची नोंद झाली. त्यांतील सहा वर्षांपर्यंतची बालके सुमारे ८१ लाख होती. ही बालके आज शाळेच्या वयातून पुढे गेली आहेत वा जात आहेत. त्यांच्यामागून येणाऱ्या पिढीसाठी व्यवस्था किती सज्ज आहे, याचा विचार होणे आवश्यक आहे.

स्थलांतर आणि शहरी दारिद्र्य

झाशीच्या वस्त्यांची वाढ बुंदेलखंडातील शेतीच्या अवस्थेपासून वेगळी काढता येत नाही. कठीण खडक, उथळ माती आणि बेभरवशाचा पाऊस यांमुळे येथील कोरडवाहू शेती नेहमीच जोखमीची राहिली आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात लागोपाठ पडलेल्या दुष्काळांनंतर केंद्र सरकारने नोव्हेंबर २००९ मध्ये उत्तर प्रदेश व मध्य प्रदेशातील १३ जिल्ह्यांसाठी ७,२६६ कोटी रुपयांचे विशेष साहाय्य मंजूर केले. त्यातून सिंचन व पाणलोटाची कामे झाली. परंतु स्थलांतराचा ओघ थांबला नाही. काही कुटुंबे दिल्ली, पंजाब, गुजरात व महाराष्ट्राकडे जातात. काही जवळचे शहर म्हणून झाशीत येतात आणि बांधकाम, हमाली, हातगाडी, भंगार वेचणे वा घरकाम यांवर गुजराण करतात. मे २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात झाशीजवळच्या रक्सा सीमेवर महाराष्ट्रातून परतणाऱ्या श्रमिकांची मोठी गर्दी झाली होती. या कुटुंबांबरोबर त्यांची मुलेही होती. त्यांची शाळा कोणती, हा प्रश्न त्या वेळी क्वचितच विचारला गेला.

असुरक्षित बालके हा एकजिनसी वर्ग नाही. हंगामी स्थलांतरितांची मुले, कचरा वेचणारी मुले, रेल्वे स्थानकाच्या आश्रयाने राहणारी मुले, अपंग बालके, एकट्या आईच्या मिळकतीवर चालणाऱ्या घरांतील मुली आणि विमुक्त जमातींची मुले यांच्या अडचणी निरनिराळ्या आहेत. बुंदेलखंडातील कबुतरा समाजाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. गुन्हेगार जमाती कायदा १८७१ मध्ये आला आणि १९५२ मध्ये रद्द झाला. तथापि अशा जमातींवरील संशयाची छाया वर्गखोलीपर्यंत पोहोचते. मैत्रेयी पुष्पा यांच्या ‘अल्मा कबूतरी’ या २००० साली प्रसिद्ध झालेल्या हिंदी कादंबरीने या समाजाचे जीवन साहित्यात आणले. शिक्षणव्यवस्थेत त्याला तेवढे स्थान मिळाले, असे म्हणता येणार नाही.

२०११ मध्ये झाशी जिल्ह्याचा साक्षरता दर सुमारे ७५ टक्के होता. पुरुषांमध्ये तो सुमारे ८५ टक्के, तर स्त्रियांमध्ये सुमारे ६३ टक्के होता. बावीस टक्के बिंदूंचे हे अंतर आजच्या मातांच्या पिढीत आहे. ज्या घरात आई वाचू शकत नाही, तेथे बालकाच्या शिक्षणाचा जवळजवळ संपूर्ण भार शाळेवर पडतो.

विनामूल्य शाळेचे मूल्य

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकाला जवळच्या शाळेत प्रवेशाचा हक्क दिला. वयाचा दाखला वा शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही आणि शाळाबाह्य बालकाला वयानुरूप वर्गात घेऊन विशेष प्रशिक्षण देणे बंधनकारक आहे. शुल्क नाही, पाठ्यपुस्तके विनामूल्य आहेत, दुपारचे भोजन मिळते. उत्तर प्रदेशात २०२१ पासून गणवेश, दप्तर, पादत्राणे इत्यादींसाठीची रक्कम थेट पालकांच्या बँक खात्यात जमा केली जाते. असे असूनही वस्तीतील मूल नियमित शाळेत का येत नाही?

याचे उत्तर अर्थशास्त्रातील संधिव्ययाच्या कल्पनेत सापडते. दहा वर्षांची मुलगी घरी थांबून धाकट्या भावंडाला सांभाळते, म्हणून आई मजुरीवर जाऊ शकते. मुलगी शाळेत गेली, तर घराला आईच्या दिवसभराच्या मिळकतीला मुकावे लागते. कागदोपत्री विनामूल्य असलेली शाळा त्या घरासाठी अशा रीतीने फार महाग ठरते. पाण्याच्या टँकरची वेळ, आजारपण, कामासाठी वस्ती सोडणे या प्रत्येक प्रसंगी हाच हिशेब पुन्हा मांडला जातो. पालकांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही, हा समज म्हणूनच अपुरा आहे. महत्त्व कळते, त्याची किंमत परवडत नाही.

दुसरे कारण शाळेच्या आत आहे. अनियमित उपस्थितीमुळे मूल मागे पडते. घरी बुंदेली बोलणाऱ्या मुलाला पाठ्यपुस्तकातील प्रमाण हिंदी प्रथम अनोळखी वाटते. तिसरी-चौथीत पोहोचूनही परिच्छेद वाचता येत नसेल, तर पुढील प्रत्येक विषय त्याच्यासाठी बंद होतो. मार्च २०२० पासून सुमारे दीड वर्ष, मधला अल्पकाळ वगळता, प्राथमिक वर्ग बंद राहिले. उत्तर प्रदेशातील पहिली ते पाचवीचे वर्ग १ सप्टेंबर २०२१ पासून पुन्हा भरू लागले. ज्या घरात एकच भ्रमणध्वनी आणि तोही वडिलांबरोबर कामावर जाणारा, तेथील मुलांचा तो काळ जवळजवळ संपूर्ण वाया गेला. ज्या शाळेत बसून काही कळत नाही, तेथे जाण्याचा लाभ कमी. आणि न जाण्याचा लाभ हाती दिसणारा. गळतीचा निर्णय या दोन गोष्टींच्या तुलनेतून होतो.

समग्र शिक्षण म्हणजे काय?

या विवेचनावरून मूलभूत शिक्षणाची व्याख्या विस्तृत का असावी लागते, हे स्पष्ट होते. समग्र शिक्षणाचे चार घटक मानता येतील. पहिला घटक शाळापूर्व संगोपनाचा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० ने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला आणि अंगणवाडी व पहिली-दुसरी यांना एका धाग्यात गुंफले. दुसरा घटक वाचन, लेखन व गणनाच्या पक्क्या पायाचा. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या अखेरीस प्रत्येक बालकाने ही कौशल्ये आत्मसात करावीत, असे उद्दिष्ट ठेवले.

तिसरा घटक पोषण व आरोग्याचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ मधील पाचव्या फेरीत देशातील सहा महिने ते पाच वर्षे वयोगटातील ६७.१ टक्के बालकांमध्ये रक्तक्षय आढळला आणि पाच वर्षांखालील ३५.५ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने कमी होती. रक्तक्षय झालेल्या बालकाचे लक्ष लवकर विचलित होते. दृष्टिदोष असलेल्या बालकाला फळा दिसत नाही. ही दोन्ही मुले पुष्कळदा ‘अभ्यासात मंद’ ठरविली जातात. प्राथमिक वर्गातील मध्यान्ह भोजनातून ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असा निकष आहे. उत्तर प्रदेशात बुधवारी दूध व सोमवारी फळ देण्याची भर त्यात घालण्यात आली. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळेतील बालकांची वर्षातून एकदा व अंगणवाडीतील बालकांची दोनदा तपासणी अपेक्षित आहे. तपासणीनंतर चष्मा वा उपचार प्रत्यक्ष मिळतो की नाही, यावर तिची उपयुक्तता अवलंबून राहते.

चौथा घटक संरक्षणाचा आणि शाळेबाहेरील वेळेचा. शाळा दुपारी सुटते, आई संध्याकाळी परतते. मधले तास बालक कोठे व कोणाबरोबर घालवते, हा शिक्षणाचाच प्रश्न आहे. पाळणाघर, सायंकाळचा अभ्यासवर्ग, खेळाची सुरक्षित जागा आणि संकटसमयी १०९८ ही बालसाहाय्य दूरध्वनी सेवा यांचा समावेश या घटकात होतो.

विभागलेली जबाबदारी

हे चारही घटक शासकीय योजनांमध्ये आज उपलब्ध आहेत. उणीव त्यांच्या जुळणीची आहे. उत्तर प्रदेश बेसिक शिक्षा अधिनियम, १९७२ द्वारे तेथील प्राथमिक शाळांचे नियंत्रण जिल्हा परिषदा व नगरपालिकांकडून काढून राज्यस्तरीय बेसिक शिक्षा परिषदेकडे सोपविण्यात आले. मुंबई वा पुणे येथे महानगरपालिका स्वतःच्या शाळा चालविते. झाशीची महानगरपालिका त्या अर्थाने शाळा चालवीत नाही. परिणामी वस्तीतील पाणी, सफाई व रस्ते महानगरपालिकेकडे. शाळा जिल्हा बेसिक शिक्षा अधिकाऱ्याकडे. अंगणवाडी बालविकास विभागाकडे. आरोग्य केंद्र आरोग्य विभागाकडे आणि शिधापत्रिका अन्न विभागाकडे, अशी वाटणी झाली आहे. कुटुंबाच्या दृष्टीने बालक एकच असते. कार्यालयांच्या दृष्टीने ते पाच नोंदवह्यांतील पाच नावे असते. पाचही नोंदवह्यांत नसलेले बालक मग कोणालाच दिसत नाही.

शिक्षकांचा प्रश्नही याच रचनेतून उद्भवला. १९८१ च्या सेवा नियमांनुसार नागरी व ग्रामीण शिक्षकांचे संवर्ग स्वतंत्र राहिले. नवी भरती मुख्यतः ग्रामीण शाळांसाठी होत गेली आणि नागरी संवर्गात निवृत्तीमुळे रिक्त होणारी पदे दीर्घकाळ भरली गेली नाहीत. त्यामुळे राज्यातील अनेक जुन्या शहरांत एक-दोन शिक्षकांवर किंवा शिक्षामित्रांवर चालणाऱ्या शाळा निर्माण झाल्या. त्यांपैकी कित्येक भाड्याच्या जीर्ण इमारतींत भरत. शहर म्हटले की सुविधा असणारच, या गृहीतकाने शहरी गरीब बालकाचे मोठे नुकसान केले आहे.

खासगी शाळांतील २५ टक्के राखीव जागांचा मार्ग कायद्याने खुला केला आहे. तो महत्त्वाचा आहेच. परंतु त्यालाही मर्यादा आहेत. उत्पन्नाचा व निवासाचा दाखला, संगणकीय अर्ज आणि ठरावीक मुदत यांतून पार पडणे नुकत्याच आलेल्या स्थलांतरित कुटुंबाला कठीण जाते. राज्याकडून शाळांना मिळणारी प्रतिपूर्ती अनेक वर्षे दरमहा कमाल ४५० रुपयांवर राहिली. त्यामुळे शाळांचा उत्साहही बेताचाच राहिला. वंचितांतील सर्वांत वंचित बालकासाठी सरकारी शाळा हाच मुख्य आधार आहे.

अनुभवांचे बोल

जुळणी कशी साधावी, याचे उत्तर शोधताना महाराष्ट्रातील एक जुना प्रयोग आठवतो. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. पुढे हे कार्य कोसबाडच्या आदिवासी परिसरात गेले. मुले शाळेत येत नाहीत, याचे कारण भावंडे सांभाळणे व गुरे राखणे हे आहे, असे या दोघींना आढळले. त्यावर त्यांनी पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी ‘विकासवाडी’ उभी केली आणि गुरे चरतात तेथे कुरणशाळा भरविली. संधिव्यय हा शब्द न वापरता त्यांनी संधिव्ययावरच उपाय शोधला होता. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेची ‘अंगणवाडी’ ही संज्ञादेखील ताराबाईंच्या कार्यातून आलेली आहे.

शहरी भागात दिल्लीच्या बांधकामांवर १९६९ मध्ये सुरू झालेल्या ‘मोबाइल क्रेशेस’ने श्रमिकांच्या कामाच्या जागीच पाळणाघर नेले. मुंबईत १९८८ मध्ये आरंभ झालेल्या ‘डोअर स्टेप स्कूल’ने शाळा वस्तीच्या दारात नेली. ‘प्रथम’ने १९९५ पासून मुंबईच्या वस्त्यांत बालवाड्या चालविल्या. मुंबई व वडोदरा येथे २००१ ते २००३ या काळात मागे पडलेल्या मुलांना स्थानिक ‘बालसखी’ दररोज दोन तास वेगळे शिकवीत असे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व सहकाऱ्यांनी केलेल्या मूल्यमापनात अल्प खर्चात मुलांच्या प्रगतीत लक्षणीय वाढ दिसून आली. उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यातील त्यांच्या अभ्यासाने आणखी एक धडा दिला. पालकांना केवळ माहिती देऊन व सभा घेऊन शाळेच्या स्थितीत फरक पडला नाही. स्वयंसेवकांनी वाचनवर्ग घेतले, तेव्हा त्यांत येणारी मुले वाचू लागली. उपदेशापेक्षा प्रत्यक्ष सेवा प्रभावी ठरते, हा याचा सारांश होय.

परदेशातील अनुभवही याला पूरक आहे. मेक्सिकोने १९९७ मध्ये सुरू केलेल्या कार्यक्रमात मातांना मिळणारी रक्कम मुलांच्या शालेय उपस्थितीशी व आरोग्य तपासणीशी जोडली आणि पुढे तो शहरांतही नेला. शिक्षण, आरोग्य व पोषण यांचा एकत्र विचार हे त्याचे वैशिष्ट्य होते. मात्र शाळा व दवाखाना कार्यक्षम असतील, तरच अशी रक्कम फलदायी ठरते.

प्रभाग हे नियोजनाचे एकक

झाशीसारख्या शहरासाठी नवी मोठी योजना आखण्याऐवजी आहेत त्या योजना प्रभागाच्या पातळीवर एकत्र आणणे अधिक व्यवहार्य ठरेल. शिक्षणहक्क अधिनियमाच्या नवव्या कलमानुसार आपल्या क्षेत्रातील चौदा वर्षांपर्यंतच्या बालकांची नोंद ठेवणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत झोपडपट्टी सुधारणा, दुर्बल घटकांच्या हितांचे रक्षण आणि शैक्षणिक बाबींना प्रोत्साहन ही कार्ये नागरी संस्थांसाठी नमूद आहेत. शाळा ताब्यात नसल्या, तरी बालकाची नोंद ठेवण्यास महानगरपालिकेला कोणतीच अडचण नाही. अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्ती व शिक्षक यांनी वर्षातून दोनदा मिळून तयार केलेली एकच प्रभाग बालनोंदवही ही पहिली पायरी होय. हंगामी स्थलांतरितांचा विचार करता त्यातील एक फेरी दिवाळीनंतर होणे इष्ट ठरेल.

दुसरी पायरी जागेची. शक्य तेथे अंगणवाडी प्राथमिक शाळेच्या आवारात आणावी आणि तेथेच पाळणाघर चालवावे. मिशन शक्तीअंतर्गत ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडी-सह-पाळणाघराची तरतूद आहे. त्याची वेळ शाळेच्या वेळेनुसार नव्हे, आईच्या कामाच्या वेळेनुसार असावी. मोठ्या बहिणीची सुटका होईल ती यामुळेच.

तिसरी पायरी मनुष्यबळाची. नागरी शाळांतील रिक्त पदे भरण्यास पर्याय नाही. त्याला जोड म्हणून वस्तीतील शिकलेल्या तरुणींना योग्य मानधनावर वाचनवर्गांसाठी नेमता येईल. बुंदेली जाणणारी अशी ताई पहिल्या दोन वर्षांत मुलाला घरच्या भाषेतून शाळेच्या भाषेकडे सहज आणू शकते. बुंदेलखंड विद्यापीठ व शहरातील अध्यापक महाविद्यालये यांचे विद्यार्थी प्रात्यक्षिकाचा काही काळ या वर्गांत घालवू शकतात. चौथी पायरी उत्तरदायित्वाची. शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे कायदा सांगतो. सभा दुपारी ठेवल्यास मजुरी बुडते. सायंकाळी ठेवल्यास माता येऊ शकतात. नियमांची अंमलबजावणी अशा लहान बाबींवर ठरते.

या सर्वांचा खर्च किती, हा प्रश्न स्वाभाविक आहे. भोजन, तपासणी, पाठ्यपुस्तके व अंगणवाडी यांवरील खर्च आजही होतच आहे. बालक मध्येच शाळा सोडते, तेव्हा त्याच्यावर तोवर केलेला खर्च बव्हंशी निष्फळ होतो. पाळणाघर, वाचनवर्ग व समन्वय यांसाठी लागणारा जादा निधी या आधीच्या गुंतवणुकीचे रक्षण करणारा आहे. शिवाय पाळणाघरामुळे आईची मिळकत टिकते व मुलीचे शिक्षण चालू राहते. एकाच खर्चातून दोन पिढ्यांना लाभ मिळतो. सार्वजनिक निधीचा इतका फलदायी विनियोग क्वचितच आढळतो.

जून २०१७ मध्ये झाशीची निवड स्मार्ट सिटी अभियानासाठी झाली आणि शहराच्या रूपात काही बदल घडले. उत्तर प्रदेशाच्या ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ योजनेत झाशीच्या वाट्याला मऊ खेळण्यांचा उद्योग आला आहे. खेळणी बनविणाऱ्या या शहरातील प्रत्येक मुलाला खेळण्याचे व शिकण्याचे वय पूर्ण उपभोगता यावे, ही अपेक्षा अवाजवी नाही. त्यासाठी लागणारे कायदे झाले आहेत, योजना आहेत आणि अनुभवही गाठीशी आहे. वस्तीतील प्रत्येक बालकाचे नाव एका नोंदवहीत यावे आणि त्या नावासाठी उत्तर देणारे कोणीतरी असावे, एवढी सुरुवात झाली, तरी पुढील वाटचाल सुकर होईल.